अनिवार्य विषय: जाच की हक्क?

#थ्रेड #इतिहास

१/
अमेरिकेतील एखाद्या लहान लिबरल आर्ट्‌स महाविद्यालयात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यापुढे आरंभीच एक तक्ता ठेवला जातो. मुख्य विषय कोणताही असो, पदवी हवी असेल तर एक विषय विज्ञानाचा, एक इतिहासाचा, एक कलेचा, एक परक्या भाषेचा आणि एक लेखनाचा घ्यावाच लागतो. यास तेथे 'जनरल एज्युकेशन' म्हणतात. या तक्त्यावरून गेली दोनशे वर्षे वाद चालू आहे, आणि वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनी इतिहासाची सोयीस्कर मोडतोड केलेली आहे.

२/
पहिला पक्ष परंपरेचा. त्याच्या मते ही यादी ग्रीस-रोमपासून अखंड चालत आलेली आहे. तिला हात लावणे म्हणजे संस्कृतीच्या मुळावर घाव घालणे. दुसरा पक्ष निवडीचा. त्याच्या मते प्रौढ विद्यार्थ्यावर विषय लादणे हा निव्वळ जाच आहे. ज्याला जे आवडेल ते त्याने शिकावे. पहिला पक्ष यादीचा जन्मदिनांक लपवतो. दुसरा पक्ष त्याहून मोठी गोष्ट लपवतो: निवडीचे स्वातंत्र्य प्रत्यक्षात कोणाच्या वाट्याला येते?

३/
आधी शब्दाचा निकाल लावावा. 'लिबरल आर्ट्‌स'चे 'उदारमतवादी कला' असे मराठी भाषांतर अनेकदा आढळते. ते दिशाभूल करणारे आहे. लॅटिनमधील 'लिबर' म्हणजे स्वतंत्र, जो कोणाचा दास नाही असा मनुष्य. स्वतंत्र नागरिकाला शोभणाऱ्या विद्या त्या लिबरल. पोटासाठी हाताने करावयाची कामे त्यांच्या बाहेर. या संकल्पनेच्या गर्भातच गुलामगिरी आहे, हे विसरून तिचा इतिहास लिहिता येत नाही.

४/
मध्ययुगीन युरोपने या विद्यांची संख्या सात ठरवली: व्याकरण, तर्कशास्त्र, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र. इतिहासप्रेमींनी ही यादी पुन्हा एकदा वाचावी. तीत इतिहास नाही. प्रयोगशील विज्ञान नाही, लोकभाषेतील साहित्यही नाही. 'अखंड परंपरे'चा दावा येथेच कोसळतो. आजच्या तक्त्यातील बहुतेक विषय त्या परंपरेत नंतर, आणि बरेचसे भांडून, शिरलेले आहेत.

५/
अमेरिकेतील पहिली मोठी लढाई येल येथे झाली. १८२७ मध्ये तेथील नियामक मंडळापुढे प्रश्न आला: 'मृत' भाषा पदवीच्या अभ्यासक्रमातून वगळाव्यात काय? अध्यक्ष जेरेमाया डे आणि त्यांच्या सहकारी प्राध्यापकांनी १८२८ मध्ये अहवालाद्वारे उत्तर दिले, ते ठाम नकाराचे. त्यांचा युक्तिवाद असा की, महाविद्यालयाने मनाला वळण लावावे आणि ज्ञानाचा साठा द्यावा. व्यवसायाचे शिक्षण त्यानंतरचे. म्हणून लॅटिन, ग्रीक आणि गणित सर्वांना सारखेच.

६/
हा अहवाल प्रतिगामी म्हणून आज हिणवला जातो. हिणवण्याजोगे त्यात पुष्कळ आहे. 'सर्वांना सारखे' म्हणताना येलचे 'सर्व' कोण होते? पदवीपूर्व वर्गांत स्त्रियांना येलने प्रवेश दिला तो थेट १९६९ मध्ये. दाराबाहेर बहुसंख्य समाज उभा असताना आत समतेच्या गोष्टी करणे सोपे असते. परंतु त्या अहवालातील एक सूत्र त्याच्या कर्त्यांपेक्षा मोठे निघाले: जे पदवीला आवश्यक, ते प्रत्येकाला मिळाले पाहिजे. हे सूत्र पुढे दाराबाहेरच्यांनीच उचलले.

७/
यादवी युद्ध संपल्यानंतर १८६६ मध्ये टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे फिस्क ही शिक्षणसंस्था सुरू झाली, मुक्त झालेल्या गुलामांसाठी. ज्यांना अक्षर शिकवणे दक्षिणेतील अनेक राज्यांत कायद्याने गुन्हा होता, त्यांच्या मुलांसाठी. या संस्थेने महाविद्यालयीन अभ्यासक्रमात काय ठेवले? लॅटिन, ग्रीक, गणित, तत्त्वज्ञान. गोऱ्या महाविद्यालयांत जे होते, तेच. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस येथूनच १८८८ मध्ये पदवीधर झाले आणि मग हार्वर्डला गेले.

८/
भोवतालचे जग त्या मुलांना सांगत होते की, तुम्हाला सुतारकाम, शेती आणि स्वयंपाक पुरे. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी टस्कीगी येथे उभारलेल्या औद्योगिक शिक्षणाच्या नमुन्यावर उत्तरेच्या धनिकांचा लोभ होता तो याचमुळे. इतिहासाचा विनोद पाहावा: १९०२ मध्ये रॉकफेलरांच्या पैशातून स्थापन झालेल्या संस्थेचे नाव होते 'जनरल एज्युकेशन बोर्ड', आणि कृष्णवर्णीयांच्या बाबतीत तिने दीर्घकाळ बळ दिले ते मुख्यत्वे औद्योगिक शिक्षणाला. नाव सर्वसाधारण शिक्षणाचे, वाटप जन्मानुसार.

९/
डू बॉइस यांनी १९०३ मध्ये या वाटपावर जाहीर हल्ला चढवला. कष्टाच्या कामाला त्यांनी कमी लेखले नाही. त्यांचा आक्षेप हा की, एका वंशाच्या मुलांनी काय शिकावे याची मर्यादा दुसऱ्या वंशाने आधीच आखून ठेवावी हे गुलामीचेच दुसरे रूप आहे. ज्या विद्या 'दास नसलेल्यांच्या' म्हणून ओळखल्या गेल्या, त्या दासांच्या मुलांनी अनिवार्य विषय म्हणून मागून घेतल्या. अनिवार्य यादीला केवळ जाच म्हणणाऱ्यांनी फिस्कचे हे उदाहरण कधीतरी समोर ठेवावे.

१०/
मराठी वाचकाला हा धागा परका वाटू नये. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. सक्ती! हा शब्द फुल्यांच्या तोंडी जुलमाचा नव्हता. ऐच्छिक शिक्षण शेतकऱ्याच्या मुलापर्यंत कधीच पोहोचत नाही, हे त्यांनी पाहिले होते.

११/
आता निवडीच्या पक्षाचा महानायक. चार्ल्स एलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि चाळीस वर्षे त्या पदावर राहिले. त्यांनी अनिवार्य विषय एकेक करून काढले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या वर्षाचे इंग्रजी लेखन एवढेच जवळजवळ शिल्लक होते. १८८५ मध्ये प्रिन्स्टनचे अध्यक्ष जेम्स मकॉश यांनी न्यूयॉर्कमधील जाहीर वादात त्यांना आव्हान दिले. एलियट डगमगले नाहीत.

१२/
एलियट यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. ऐच्छिक विषयांमुळेच आधुनिक विज्ञान, आधुनिक भाषा, अर्थशास्त्र आणि खुद्द इतिहास यांना महाविद्यालयात ऐसपैस जागा मिळाली. लॅटिन-ग्रीकची मक्तेदारी मोडणे आवश्यकच होते. परंतु मक्तेदारी मोडणे वेगळे आणि 'सर्वांना काय ठाऊक असावे' हा प्रश्नच रद्द करणे वेगळे. एलियट यांनी दुसरे केले, आणि त्याची किंमत हार्वर्डला त्यांच्याच कारकिर्दीत कळली.

१३/
१९०३ मध्ये हार्वर्डच्याच एका समितीला आढळले की, विद्यार्थी अभ्यासाला धक्कादायकरीत्या थोडा वेळ देतात. मोकळीक मिळालेल्या सुखवस्तू घरांतील मुलांनी सोपे विषय, सोयीच्या वेळा आणि नरम परीक्षक शोधून काढले होते. ज्याच्या घरी पुस्तके आहेत, ज्याचा बाप आणि आजा त्याच महाविद्यालयात शिकला आहे, त्याला निवड चुकली तरी सावरता येते. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुलाला मात्र यादीत नेमके काय निवडावे हेच ठाऊक नसते. त्याच्यासाठी 'हवे ते घ्या' हे स्वातंत्र्य म्हणजे अंधाऱ्या खोलीत सोडून देणे आहे.

१४/
एलियट यांचे उत्तराधिकारी लॉरेन्स लोवेल यांनी १९०९ नंतर तडजोड काढली: एका विषयात सखोल अभ्यास आणि उरलेल्यांत ठरावीक वाटणी. प्रत्येक गटातून थोडे थोडे. आजच्या बहुतेक अमेरिकी महाविद्यालयांतील तक्ता हा याच तडजोडीचा वंशज आहे. दिसायला ती समंजस आहे. वस्तुतः ती पळवाट आहे, कारण 'विज्ञानातील कोणताही एक विषय घ्या' म्हणणारे महाविद्यालय विज्ञानातले काय ठाऊक असावे याचे उत्तर देत नाही. ते फक्त विभागांमध्ये विद्यार्थ्यांची वाटणी करते.

१५/
याच सुमारास हिशेबाचे नाणेही पडले. १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. निवृत्तिवेतन 'महाविद्यालया'च्या प्राध्यापकांना द्यायचे, तर महाविद्यालय कशास म्हणावे? त्यासाठी प्रवेशाची पात्रता मोजण्याचे माप ठरले: शाळेतील एका विषयाचा वर्षभराचा, सुमारे १२० तासांचा अभ्यास म्हणजे एक 'युनिट'. विद्येचे मोजमाप तासांत करण्याची सवय पक्की झाली ती अशी, पेन्शनीच्या हिशेबातून. आज जगभर फिरणारे 'क्रेडिट' याच घराण्यातले आहे.

१६/
या पळवाटेला पहिले धाडसी उत्तर कोलंबियाने दिले. १९१८ मध्ये लष्करी प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी 'वॉर इश्यूज' हा अभ्यासक्रम होता. युद्ध का लढायचे हे पटवून देणारा, म्हणजे उघड प्रचाराच्या कुशीतला. युद्ध संपल्यावर त्याच अनुभवातून १९१९ मध्ये 'कंटेम्पररी सिव्हिलायझेशन' हा प्रथम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला अनिवार्य विषय उभा राहिला. प्रश्न आता बदलला होता: युद्धानंतरच्या जगात शांतता कशी नांदावी? १९३७ मध्ये साहित्याचा अनिवार्य अभ्यासक्रम त्याला जोडला गेला.

१७/
त्याच १९३७ साली मेरीलँडमधील अ‍ॅनापोलिस येथे, सेंट जॉन्स या छोट्या महाविद्यालयात, स्ट्रिंगफेलो बार आणि स्कॉट ब्युकॅनन यांनी टोक गाठले: मुख्य विषयच नाही, चारही वर्षे सर्वांना तेच ग्रंथ, छोट्या वर्गात चर्चा. पुढे १९४५ मध्ये हार्वर्डच्या समितीने मुक्त समाजातील सर्वसाधारण शिक्षणावर अहवाल दिला, तेव्हा युरोप फॅसिझमच्या राखेतून उठत होता. तारखा पाहाव्यात: १९१९, १९३७, १९४५. ज्या यादीला 'सनातन' म्हटले जाते, ती दोन महायुद्धे आणि एका महामंदीच्या भीतीतून घडलेली आहे.

१८/
परंपरावादी येथे अस्वस्थ होतात. होऊ नये. यादी काळाच्या गरजेतून जन्मली म्हणून ती खोटी ठरत नाही. संविधानेही अशीच जन्मतात. खोटेपणा येतो तो जन्मदिनांक पुसून टाकल्यावर. कोलंबियाच्या बटलर ग्रंथालयाच्या दर्शनी भागावर होमर, हिरोडोटस, प्लेटो, सिसरो यांची नावे दगडात कोरलेली आहेत. दगडात कोरले की माणसाने केलेली निवड निसर्गनियमासारखी भासते. पण त्याच विद्यापीठाच्या अनिवार्य साहित्ययादीत जेन ऑस्टेन आल्या १९८५ मध्ये आणि टोनी मॉरिसन २०१५ मध्ये. म्हणजे यादी बदलता येत होती. बदलण्याची इच्छा उशिरा झाली.

१९/
साठच्या दशकाचा उल्लेख आला की निवडवादी सांगतात, विद्यार्थ्यांनी सक्ती उलथून टाकली. काही ठिकाणी हे खरे आहे. ब्राउन विद्यापीठाने १९६९ मध्ये वाटणीची अट काढली; अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयही पुढे खुल्या अभ्यासक्रमाकडे गेले. तेथे ते निभावते, कारण विद्यार्थी थोडे, निधी मोठा आणि प्रत्येकाला सल्ला देणारा प्राध्यापक हजर. श्रीमंत संस्थेची ही सोय सर्वांसाठीचे तत्त्व म्हणून विकणे हा मात्र अप्रामाणिकपणा आहे.

२०/
कारण त्याच काळात सॅन फ्रान्सिस्को स्टेट महाविद्यालयात वेगळेच घडत होते. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिनो आणि मूलनिवासी विद्यार्थ्यांनी संप पुकारला. तो मार्च १९६९ पर्यंत चालला. अटका झाल्या, डोकी फुटली. मागणी कमी शिकवण्याची नव्हतीच. आमचा इतिहास शिकवा, अशी होती. त्यातून वांशिक समूहांच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. अर्ध्या शतकानंतर, ऑगस्ट २०२० मध्ये, कॅलिफोर्नियाच्या कायद्याने स्टेट युनिव्हर्सिटीच्या पदवीसाठी हाच अभ्यास अनिवार्य केला. संपकऱ्यांचा विजय अखेर 'सक्ती'च्या रूपाने आला.

२१/
स्टॅनफर्डची कथाही अशीच विपर्यस्त सांगितली जाते. तेथील 'वेस्टर्न कल्चर' हा अनिवार्य अभ्यासक्रम काही प्राचीन वारसा नव्हता. तो १९८० मध्ये सुरू झाला होता. १९८७ च्या मोर्चानंतर मार्च १९८८ मध्ये त्याच्या जागी दुसरा अभ्यासक्रम आला. तत्कालीन शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी त्यावर टीकेची झोड उठवली. आठ वर्षांची यादी बदलली आणि अडीच हजार वर्षे बुडाल्याचा आक्रोश झाला! त्या गदारोळात एक साधी गोष्ट दबली: नवा अभ्यासक्रमही अनिवार्यच होता.

२२/
सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण ओरेगनमधील रीड या लिबरल आर्ट्‌स महाविद्यालयाचे. तेथे प्रथम वर्षाला 'ह्युमॅनिटीज ११०' हा विषय सर्वांना सक्तीचा. २०१६ पासून विद्यार्थ्यांनी त्याच्या युरोपकेंद्री यादीविरुद्ध निदर्शने सुरू केली. व्याख्यानांच्या वेळी ते फलक घेऊन बसत. काही वेळा वर्ग चालवणे अशक्य झाले, आणि ते निश्चितच योग्य नव्हते. पण प्राध्यापकांनी विषय ऐच्छिक करून सुटका करून घेतली नाही. २०१८ पासून प्राचीन भूमध्य जगाच्या जोडीला मेक्सिको सिटी आणि हार्लेम आले. विषय सक्तीचाच राहिला, यादी बदलली. वाद जिवंत ठेवण्याची हीच रीत.

२३/
आजचा सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे. शिक्षणासाठी कर्ज काढणारा विद्यार्थी विचारतो, नको असलेल्या विषयाचे शुल्क का भरू? हा प्रश्न टाळता येत नाही. अनेक संस्था हेच विषय भल्यामोठ्या सभागृहांत, तुटपुंज्या वेतनावरील कंत्राटी अध्यापकांकरवी उरकतात आणि वर मूल्यांची भाषणे देतात. तेथे विद्यार्थ्याचा संताप रास्त आहे. जे सर्वांना अनिवार्य, ते संस्थेने सर्वोत्तम शिक्षकांकडून शिकवले पाहिजे. ते जमत नसेल तर ती सक्ती नव्हे, वसुली होय.

२४/
शेवटी पुन्हा मुंबईकडे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव आंबेडकर यांना संस्कृत शिकायचे होते. दुसऱ्या भाषेत कागदोपत्री निवड होती: संस्कृत किंवा फारसी. अस्पृश्य म्हणून त्यांना संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात मात्र त्यांनी अर्थशास्त्रापासून मानववंशशास्त्रापर्यंत मनसोक्त विहार केला. तेथे दार बंद करणारा कोणी नव्हता. निवडीचे गोडवे गाणाऱ्यांनी दोन्ही प्रसंग एकत्र वाचावेत. ऐच्छिक विषयाच्या दारात कोणी ना कोणी उभा असतो. जे सर्वांना अनिवार्य आहे, ते मात्र कोणालाही नाकारता येत नाही.

२५/
२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील महाविद्यालयांतही मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण असे तक्ते आणि क्रेडिट आले आहेत. येथेही एक पक्ष यादीला सनातन म्हणेल, दुसरा निवडीला मुक्ती म्हणेल. कागदावर दहा ऐच्छिक विषय आणि वर्गात दोनच शिक्षक असतील, तर ती निवड कोणती? अनिवार्य यादी कोणी, केव्हा, कोणत्या भीतीपोटी आणि कोणत्या आशेने ठरवली, हे त्या यादीतच का शिकवू नये?

२६/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने सक्तीला घाबरू नये आणि तिची पूजाही करू नये. प्रत्येक यादीवर तिची तारीख आणि कर्त्यांची नावे लिहिलेली असावीत, तिच्यावर जाहीर वाद व्हावा, आणि वादानंतर जे ठरेल ते तालुक्याच्या गावातील मुलीलाही तितक्याच चांगल्या शिक्षकाकडून मिळावे. फिस्कच्या वर्गात ग्रीक व्याकरण घोकणाऱ्या, काल-परवापर्यंत गुलाम असलेल्या घरांतील मुलांनी याहून वेगळे काही मागितले नव्हते.

(समाप्त)